गोळी दिली, फवारलं, तरी गोचिड्या परत? कुत्र्याआधी भिंत बघा

सोलापुरात कुत्रं पाळलंय आणि गोचिडीने छळलं नाही, असं घर सापडणं अवघड. तक्रारही ठरलेली असते. "काय वो, गेल्याच महिन्यात सगळ्या वेचून काढल्या, औषध लावलं, आठ दिवस बरं गेलं, परत कानात झुबकाच्या झुबका." मग औषधाचा ब्रँड बदलतो, दुकान बदलतं, कधी डॉक्टरही बदलतो. गोचीड तीच राहते, कारण ती जिथे मुक्काम ठोकून असते त्या जागेला कुणी हात लावलेला नसतो.

हे लिहितोय ते ज्यांनी निदान एक-दोनदा उपचार करून पाहिलेत त्यांच्यासाठी. तुमचं कुत्रं आत्ता मलूल पडलं असेल, खात नसेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर सरळ खाली तापाचा भाग वाचा आणि दवाखाना गाठा. भिंत उद्या बघता येईल.

मुक्काम भिंतीत, जेवण कुत्र्यावर

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यांवर सापडते ती बहुतेक वेळा तपकिरी कुत्रा-गोचीड. इतर बऱ्याच गोचिड्यांना गवत, झुडूप, ओल लागते. हिला घर चालतं. कोरडी हवा ती इतरांपेक्षा चांगली सोसते, त्यामुळे आपल्या एप्रिल-मेच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात सगळ्या मरून जातील ही आशा सोडून द्या. उलट उष्णतेने तिची वाढ लवकर होते.

अंड्यातून निघालेलं पिल्लू खसखशीहून बारीक आणि सहा पायांचं असतं. ते कुत्र्यावर चढतं, तीन ते सात दिवस रक्त पितं आणि उतरतं. उतरून कुठे जातं? जवळच्या फटीत. तिथे कात टाकून आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं, पाच-दहा दिवस पितं, पुन्हा उतरतं. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेली गोचीड चढते. तिच्यातली मादी आठवडा-दोन आठवडे रक्त पिऊन राखाडी, टम्म फुगते, गळून पडते आणि सरपटत एखाद्या फटीत जाऊन हजार ते चार हजार अंडी घालून मरते. म्हणजे आयुष्यात तीन वेळा जेवायला कुत्र्यावर आणि बाकीचा सगळा काळ भिंतीत. ऊब असेल तर हे चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. जेवण मिळालं नाही तर मोठी गोचीड कित्येक महिने, अगदी वर्षभरसुद्धा, उपाशी तग धरते. म्हणूनच कुत्र्याला चार महिने गावाकडे ठेवून परत आणलं की पहिल्याच आठवड्यात गोचिड्या दिसतात आणि घरचे म्हणतात, "गावाकडूनच घेऊन आलं." बहुतेक वेळा गावाचा काही दोष नसतो.

गोठ्याचाही नसतो. शेजारी म्हशी आहेत म्हणून आमच्याकडे गोचिड्या येतात, हे होटगी रस्त्यापासून बाळ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. जनावरांवर सर्रास दिसणारी गोचीड वेगळ्या जातीची. ती पिल्लापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. कुत्र्याची गोचीड कुत्र्याचंच रक्त पसंत करते. शेजाऱ्याशी भांडायचंच असेल तर त्याच्या म्हशीवरून नको, त्याच्या राखणीच्या कुत्र्यावरून भांडा.

आधी आकार बघा

कुत्र्याला उजेडात घ्या आणि नीट चाचपा. कानाच्या आत, पायाच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी, पापण्यांच्या कडेला. पश्मीसारखं लांब केसांचं कुत्रं असेल तर कंगव्याने केस उलटे करत जा. वरून हात फिरवून काही कळत नाही.

बोटांच्या बेचक्यात किंवा कानाच्या कडेला खसखस सांडल्यासारखे असंख्य बारीक ठिपके दिसले आणि ते हलत असतील, तर ती ताजी पिल्लं. याचा अर्थ तुमच्या घरात किंवा कुत्रं रोज बसतं त्या ओट्यावर अंड्यांचा घोस नुकताच फुटलाय. औषध फसलं असा याचा अर्थ नाही. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे मागच्या फवारणीत ती वाचली, एवढंच.

चपट्या, तपकिरी, भरभर चालणाऱ्या गोचिड्या असतील तर त्या बहुधा भिंतीतून आत्ताच चढल्यात. राखाडी फुगलेली मादी दिसली तर मात्र तुमच्या औषधात खोट आहे, कारण ती किमान आठवडाभर अंगावर पीत बसली आणि मेली नाही. हा तिसरा प्रकार सापडला की पुढचा भाग लक्ष देऊन वाचा. पहिले दोनच सापडत असतील तर औषध बदलण्यात पैसे घालवू नका. पैसे सिमेंटवर घाला.

आणखी एक घोटाळा गोळीचा असतो. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या ज्या चघळायच्या गोळ्या मिळतात (अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, फ्लुरालॅनर या गटातल्या), त्यांचं औषध कुत्र्याच्या रक्तात असतं. गोचिडीने चावा घेतल्याशिवाय ती मरत नाही, आणि चावल्यावर मरायलाही एक-दोन दिवस लागतात. त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसणार. ती उचलून बघा. वाळकी, पाय आखडलेली, चिमट्याने सहज निघणारी असेल तर गोळीने काम केलंय. लोक नेमकं इथेच घाईला येतात आणि गोळीच्या वर पुन्हा फवारा, पुन्हा पावडर असा मारा करतात. कुत्र्याला त्याचा त्रास होतो, भिंतीतल्या गोचिडीला काही होत नाही.

औषध खरंच फसत असेल तर

सगळ्यात आधी वजन. ही औषधं किलोवर असतात. पिल्लू असताना घेतलेल्या वजनावर मोठ्या लॅब्रॅडॉरला गोळी दिली जाते, किंवा मोठी गोळी आणून दोन कुत्र्यांत तोडून देतात. अर्ध्या तुकड्यात औषध अर्धंच असेल याची खात्री कुणी देत नाही. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करा.

मग अंतर. महिन्याची गोळी महाग पडते म्हणून सहा-सात आठवड्यांनी दिली जाते. मधले ते दोन-तीन आठवडे गोचिडीला पोटभर जेवायला पुरतात. हात आखडता घ्यायचाच असेल तर शॅम्पू, पावडर, सेंटेड स्प्रे यांवर घ्या.

मानेवर ठिबकवायचं औषध वापरत असाल तर आंघोळीचं बघा. लावायच्या आधी दोन दिवस आणि लावल्यावर दोन दिवस आंघोळ नको. औषध केसांवर सांडून उपयोग नाही. केस दुभंगून कातडीवर पडलं पाहिजे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाणी आलं की धुणं, भांडी, कुत्रं सगळं एकाच दिवशी उरकतं. ठिबक-औषधाची तारीख ठरवताना नळाची पाळी आधी बघा.

ब्रँड बदलला तरी आतलं औषध तेच असतं, हेही सर्रास होतं. फिप्रोनिलचं एक सोडून फिप्रोनिलचंच दुसरं घेतलं तर बदल काय झाला? बाटलीवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, ते वाचा. जगात काही ठिकाणी या गोचिडीने पर्मेथ्रिनसारख्या औषधांना दाद देणं बंद केल्याचं आढळलंय, त्यामुळे बदलायचं तर गट बदलायला हवा. गोळ्यांच्या गटाबद्दल एक सूचना: कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या गोळ्यांनी काही कुत्र्यांत झटके येऊ शकतात.

अमिट्राझ पाण्यात कालवून लावणारेही बरेच आहेत. स्वस्त आहे आणि चालतं, पण मोजून. उरलेलं द्रावण पुढच्या आठवड्यासाठी बाटलीत भरून ठेवायचं नाही. लहान पिल्लांना, मधुमेही कुत्र्यांना लावायचं नाही. लावणाऱ्याने हातमोजे घालायचे, आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्याने हे काम करूच नये. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. शेळ्या-मेंढ्यांना टोचतात म्हणून कुत्र्यालाही टोचून घेतात. या गोचिडीवर त्याचा भरवसा धरता येत नाही आणि कोलीसारख्या काही जातींच्या मेंदूवर ते जिवावर बेतेल असा परिणाम करतं.

आता भिंत

रात्री दिवे घालवा आणि टॉर्च घेऊन कुत्रं झोपतं ती जागा बघा. फरशी नको, भिंत बघा. ही गोचीड वर चढते. चार-पाच फुटांवर, दाराच्या चौकटीच्या मागे, स्विचबोर्डाच्या कडेला, तसबिरीच्या पाठीमागे, ट्यूबलाइटच्या पट्टीखाली. तसबीर उचलली की मागे भिंतीला चिकटून चार-सहा राखाडी माद्या आणि त्यांच्याखाली तपकिरी, चकचकीत, साबुदाण्याहून कितीतरी बारीक अंड्यांचा ढीग, हे दृश्य ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा कधी फक्त फरशीवर औषध मारणार नाही.

पेठांमधल्या जुन्या घरांत दगडी किंवा मातीच्या भिंती, वर माळवद, खाली शहाबादी. शहाबादीच्या दोन फरश्यांमधले सांधे झिजून खोल गेलेले असतात, झाडूचं टोक तिथे पोचत नाही. माळवदाच्या लाकडांमध्ये तर विचारायलाच नको. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवाल्यांना वाटतं आपल्याकडे टाइल्स आहेत, आपण सुटलो. टाइल्सच्या स्कर्टिंगच्या वर जी बोटाच्या नखाएवढी फट सुटलेली असते, ती कधी तरी भिंग घेऊन बघा.

कामाचा क्रम असा ठेवा. कुत्रं झोपतं तिथलं सगळं हलवा. पोतं, जुनी चादर, गादी. आपल्या सोलापुरी चादरीची वीण जाड, तिच्यात बारीक पिल्लं सहज दडतात. थंड पाण्यात धुऊन ती मरत नाहीत. कढत पाण्यात भिजवा. पाणी तापवायची सोय नसेल तर चादर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून उन्हाळ्यात गच्चीच्या स्लॅबवर दोन-तीन दुपारी तापू द्या. नुसती दोरीवर वाळत टाकलीत तर गोचिड्या सावलीच्या बाजूला सरकतात आणि संध्याकाळी चादरीबरोबर घरात येतात. पोतं असेल तर ते जाळून टाका, त्याच्यासाठी कष्ट नकोत.

मग झाडून काढा. केर कोपऱ्यात लोटून ठेवू नका, लगेच साबणाच्या पाण्यात किंवा उकळत्या पाण्यात टाका. अंगावरून वेचलेल्याही त्यातच. खिडकीतून फेकलेली गोचीड परत येते, आणि नखाने चिरडली तर तिच्यातलं रक्त तुमच्या हाताला लागतं, त्यात जंतू असू शकतात. काढताना चिमटा कातडीला अगदी टेकवून धरा आणि सरळ, हळू ओढा. काडी पेटवून चटका देणं, वर रॉकेल टाकणं, हे प्रकार बंद करा. गोचीड त्याने सुटतेच असं नाही, भाजतं ते कुत्र्याला.

त्यानंतर फवारणी. डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, बाटलीवर लिटरला जेवढं सांगितलंय तेवढंच. भरून दोन टोपणं जास्त टाकल्याने गोचीड जास्त मरत नाही. तोंडाला रुमाल, हातमोजे, पूर्ण बाह्या. कुत्रं, मांजर, पोरं बाहेर. फिशटँक असेल तर झाका आणि हवेचा पंप बंद करा, माशांना हे औषध फार लवकर मारतं. पोपटाचा पिंजरा दुसरीकडे. नोझल फटीत रोखून मारा, खालपासून छतापर्यंत. सगळं वाळल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून फिनाईलने फरशी पुसायची नाही! शंभरातल्या नव्वद फवारण्या इथेच वाया जातात, असं मी पैजेवर सांगेन. फटींवर दोन-तीन दिवस पाणी जाऊ देऊ नका.

अंडी वाचतात, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी परत फवारा. मग परत. असं तीन-चार महिने. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, पण आधी सांगितलेलं चक्र आठवा. एका फवारणीत काम होतं असं सांगणारा पेस्ट कंट्रोलवाला भेटला तर त्याच्याकडून तसं लिहून घ्या.

फवारणीपेक्षाही माझा भर दर्जा, म्हणजे दगड-फरश्यांमधल्या फटी, भरण्यावर आहे. गवंडी लावून शहाबादीचे सांधे आणि दगडी भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरून घ्या. चौकट आणि भिंतीमधली फट पुट्टीने. मातीच्या भिंतीला चुना. औषधाचा असर आठवड्यांत ओसरतो, भरलेली फट वर्षानुवर्षं बंद राहते. सगळं घर परवडत नसेल तर कुत्रं झोपतं त्या खोलीपुरतं करा, तेवढ्यानेही फरक पडतो. काही जण ब्लो लॅम्पची ज्योत भिंतीवरून फिरवतात. कुत्र्याच्या दगडी किंवा विटांच्या खोलीत हे चालून जातं, पण शहाबादीला थेट ज्योत लागली तर ती तडकू शकते, आणि वायर, गॅसची नळी, पडदे जवळ असतील तर हा विचारच नको.

साखर पेठ, अशोक चौकाकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये राखणीचं कुत्रं बांधलेलं असतं, तिथला प्रश्न वेगळा. भिंतीवर कापसाची धूळ बसून थर झालेला असतो, गोचिड्या त्या थराखाली राहतात. औषध वरच्या धुळीलाच भिजवतं. तिथे आधी भिंत खरवडून झाडा, मग फवारा, आणि सूत, सुताचे बीम झाकून ठेवा. ज्योत तर तिथे अजिबात नको. साखळीची जागा दर काही आठवड्यांनी बदलून उपयोग नसतो, गोचीड चालत येते. कुत्र्याला भिंतीपासून दूर, मध्ये लाकडी फळीवर झोपायची सवय लावली तर थोडं सोपं होतं.

या सगळ्या काळात कुत्र्याची गोळी एकही दिवस न चुकवता चालू ठेवायची. कारण भिंतीत उरलेल्या गोचिड्या कधी ना कधी जेवायला चढणारच, आणि चढल्या की मरणार. घर असंच रिकामं होतं. गोळी सोडून कुत्र्याला दुसरीकडे हलवलं तर त्या नुसत्या वाट बघत बसतात.

घरात मांजर आहे?

मग वरचं सगळं थोडं थांबवा. पर्मेथ्रिन मांजरासाठी विष आहे. कुत्र्यासाठी आणलेलं ठिबक-औषध "थोडंसंच" म्हणून मांजराच्या मानेवर टाकलं जातं आणि काही तासांत मांजर थरथरायला लागतं, लाळ गळते, कान-कातडी फडफडते, मग झटके. असं झालं तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दवाखान्यात पळा. थरथर आपोआप थांबेल म्हणून थांबू नका. मांजराला लावलं नाही, पण ते कुत्र्याच्या अंगावर रेलून झोपतं, एवढंही पुरतं; पर्मेथ्रिन लावलेल्या कुत्र्यापासून मांजर निदान तीन दिवस लांब हवं. अशा घरात मी तरी कुत्र्यालाही पर्मेथ्रिन लावणार नाही, गोळी देईन. अमिट्राझही मांजराला नाही.

सुदैवाने या गोचिडीला मांजर फारसं आवडत नाही, आणि मांजर स्वतःला चाटून बऱ्याच काढून टाकतं. तरी सापडल्या तर पाकिटावर मांजराचं चित्र असलेलंच औषध घ्या आणि मांजराचं वजन सांगूनच घ्या. फिनाईलबद्दल जाता जाता: मांजर त्या ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं पचत नाहीत. डांबर गोळ्याही कपाटातून बाहेर यायला नकोत.

गल्लीतले उपाय

विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूच्या चुऱ्याचं पाणी हाताशी असतं, ते कुत्र्याला लावतात. कुत्रं चाटतं, निकोटीन पोटात जातं, ओकाऱ्या आणि थरथर. जळकं ऑईल चोपडतात. कातडी भाजते आणि चाटलेलं तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. सगळ्यात वाईट म्हणजे डाळिंबाच्या बागेतून उरलेलं कीटकनाशक. सांगोला, पंढरपूरकडच्या मळ्यांत हे घडतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, पाय लटपटणं दिसलं तर बाटली सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा, म्हणजे कुठलं विष ते त्यांना लगेच कळेल.

लसूण खायला घातला की रक्ताला वास येतो आणि गोचीड पळते, हेही ऐकलं असेल. लसूण-कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. गोचीड तापात त्या आधीच कमी झालेल्या असतात. आपली शेंगा चटणी भाकरीला लावून कुत्र्याला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कडुलिंबाच्या तेलाने घरभर पसरलेल्या गोचिड्या जाणार नाहीत.

ताप: ऊन लागलं की गोचीड ताप?

मे महिन्यात कुत्रं कोपऱ्यात पडून राहतं, खात नाही. घरचे म्हणतात ऊन लागलं. ओलं फडकं, ताक, पंखा. यातच आठवडा जातो आणि सोलापुरात गोचीड ताप हाताबाहेर जातो तो असा.

फरक ओळखायला थर्मामीटर लागतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, गुदद्वारातून मोजायचं, टोकाला व्हॅसलीन लावून. उन्हाचा झटका असेल तर ते १०५-१०६ च्या पुढे गेलेलं, धाप जोरात, आणि हे दुपारी, अचानक. तेव्हा पाणी ओतत, पंखा लावत लगेच दवाखाना. पण पहाटे, गारव्यात मोजूनही १०३ च्या वर असेल, आणि दोन दिवस तसंच असेल, तर उन्हाला बोल लावू नका. ओठ उचलून हिरड्या बघा. फिकट पांढरट आहेत का? पोटाच्या उघड्या कातडीवर लाल बारीक ठिपके? गळ्याखाली गाठी? डोळे लाल किंवा गढूळ? लघवी कॉफीच्या रंगाची? यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. अंगावर गोचीड नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर ती उतरून भिंतीत गेलेली असते.

गोचीड ताप हा एकच आजार नाही. एर्लिकिया हा जिवाणू आहे, बबेसिया हा तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, साधारण चार आठवडे. बबेसियाला तेवढ्याने भागत नाही, त्याला वेगळी औषधं लागतात. दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकतात. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन तपासणी आणि पेशींची मोजणी, दोन्ही करून घ्या. प्लेटलेट दीड-दोन लाखांच्या खाली गेल्या की डॉक्टर सावध होतात. कारवानी, पश्मी पाळणाऱ्यांनी मात्र आकडा बघून घाबरू नये: ग्रेहाउंडसारख्या सडसडीत शिकारी जातींत प्लेटलेट मुळातच कमी आढळतात. तो रिपोर्ट ही गोष्ट जाणणाऱ्या डॉक्टरांकडून वाचून घ्या. गुंता जास्त असेल तर उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याबद्दल त्यांनाच विचारा.

ताप परत परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट सोडलेलं डॉक्सी. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं, गोळ्या कपाटात जातात. जंतू अंगात दबा धरून राहतात आणि काही महिन्यांनी रक्त बनणंच मंदावलेलं कुत्रं दवाखान्यात येतं. दुसरं कारण दूध. गोळी दुधात किंवा पेढ्यात घालून दिली की कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. भाकरीच्या तुकड्यात द्या, वर पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. आणि बरं झालेल्या कुत्र्याला पुन्हा गोचीड चावली तर पुन्हा ताप येऊ शकतो. यावर आपल्याकडे लस नाही. गोचीड चावल्यावर काही तासांतच जंतू पोचू शकतात, त्यामुळे चांगली गोळी चालू असतानाही धोका शून्य होत नाही. भिंतीबद्दल एवढं बोललो ते त्यासाठीच.

घरातली तापाची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होतो, आणि इथे प्लेटलेट आधीच कमी. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

कुत्र्याचा एर्लिकिया कुत्र्याला हात लावून माणसाला होत नाही. पण हीच गोचीड माणसाला चावली तर वेगळा एक ताप येऊ शकतो, त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात. घरात गोचिड्या आहेत आणि कुणाला ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचिडीचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

चार महिने सगळं केलं, तरी बारीक पिल्लं दिसतात

मग उगम बहुधा तुमच्या घरात नाही. तीन जागा बघा. गल्लीतलं कुत्रं दुपारी तुमच्या ओट्यावर, पायरीखाली किंवा गाडीच्या सावलीत झोपतं का? त्याला हाकलून ते जात नाही. डॉक्टरांना अंदाजे वजन सांगून त्यालाही गोळी भाकरीतून द्या आणि ओट्याच्या दर्जा भरा. तुम्ही गावाला जाताना कुत्रं ठेवता ती बोर्डिंगची जागा: तिथल्या खोल्यांच्या भिंती टॉर्चने बघितल्याशिवाय कुत्रं सोडू नका, आणि आणल्यावर उंबऱ्याबाहेरच तपासा. तिसरी जागा सामाईक भिंत. चाळीत, वाड्यात, शेडला लागून असलेल्या घरात तुमची बाजू स्वच्छ आणि पलीकडची तशीच असली की गोचीड आरपार येते. शेजाऱ्याकडे जा, टॉर्च लावून त्यांची बाजू त्यांनाच दाखवा आणि दोन्हीकडची फवारणी एकाच दिवशी करा. औषधाचा खर्च निम्मा-निम्मा.